रवी नीच, चंद्र नीच: पत्रिकेला किती घाबरायचं?

पत्र

माझी मुलगी २००३ च्या दिवाळीत, भाऊबीजेच्या आगेमागे ठाण्यात जन्मली. वेळ दुपारी साडेबाराची. मोबाइलवरच्या एका अ‍ॅपवर तिचे रवी आणि चंद्र दोन्ही वृश्चिकेत दिसतात. गुरुजींनी तेव्हा काढून दिलेल्या पत्रिकेत मात्र रवी तुळेत आणि चंद्र वृश्चिकेत आहे. खरं काय मानायचं?

नेरूळचं एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलाकडच्यांनी पत्रिका कुणाला तरी दाखवली आणि ‘रवी नीच, चंद्र नीच, त्यातून चंद्र बाराव्यात, मन कमकुवत आणि आईवडिलांचं सुख नाही’ असं कळवून विषय थांबवला. मी ठाण्यातच दुसऱ्या एकांना विचारलं, तर ते म्हणाले साडेसाती चालू आहे, २१ हजारांची शांती करा आणि माणिक-मोती घाला. पत्रिकेत ‘चं’ लिहिलेल्या घरात ८ आकडा आहे, म्हणजे चंद्र आठव्यात ना? मग बाराव्यात कसा? मुलगी ऐरोलीला नोकरी करते. एरवी शांत आहे, पण हे ऐकल्यापासून तिला नीट झोप लागत नाही.

– एक आई, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर

ताई,

तारीख आणि पत्रिकेचा फोटो पाठवलात हे बरं केलंत. तारीख इथे छापत नाही. तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘नीच’ नाही, ‘साडेबारा’ आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

त्या दिवशी ठाण्याच्या अक्षांश-रेखांशावर दुपारी १२ वाजून ३२ मिनिटांच्या आसपास धनू लग्न (लग्न म्हणजे त्या क्षणी पूर्वेला उगवत असलेली रास; तेच पत्रिकेतलं पहिलं घर) संपतं आणि मकर लग्न सुरू होतं. अ‍ॅपमध्ये १२:३० भरलं की लग्न येतं धनू, २९ अंशांच्या पुढे, म्हणजे अगदी काठावर. त्या लग्नाला वृश्चिक बारावी रास, म्हणून चंद्र व्ययात, म्हणजे बाराव्या घरात. तेच १२:४० भरा: लग्न मकर, रवी दशमात, चंद्र अकराव्यात, लाभस्थानात. ग्रह जागचे हलले नाहीत, दहा मिनिटांत घरं मात्र सगळी बदलली. ‘चंद्र बाराव्यात’ हे वाक्य एवढ्या बारीक दोरीवर लटकलं आहे आणि त्यावरून एक स्थळ मोडलं.

आता, साडेबारा ही वेळ घड्याळात बघून टिपलेली आहे की सांगताना जवळच्या अर्ध्या तासावर नेऊन ठेवलेली? घरात जन्मवेळ बहुधा अशीच सांगितली जाते: साडेबारा, पावणेचार, सात. जन्मदाखल्यावर तारीख असते, वेळ नसते, त्यामुळे तो इथे कामाचा नाही. प्रसूतीच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड काढा. त्यावर बाळाचं वजन लिहिलेलं असतं, त्याच्या शेजारी बहुतेक वेळा जन्मवेळही असते. ते नसेल तर लसीकरणाच्या फाइलचं पहिलं पान बघा. तेही नसेल तर ज्या हॉस्पिटलात प्रसूती झाली तिथे प्रसूतीच्या नोंदवहीतला उतारा मागा. सिझेरियन झालं असेल तर ऑपरेशन थिएटरच्या नोंदीत वेळ मिनिटासकट लिहिण्याची पद्धत असते. वेळ १२:३५ च्या पुढची निघाली तर मकर लग्न धरायला हरकत नाही. १२:२८ निघाली तर धनू. नेमकी १२:३१-३२ निघाली तर लग्नावरून काहीही ठामपणे सांगू नये, आणि कुणी सांगितलं तर मानू नये.

एवढं झालं की आठव्या-बाराव्याचा घोळ आपोआप सुटतो. आपल्याकडच्या पत्रिकेत घराची जागा ठरलेली असते आणि आत लिहिलेला आकडा राशीचा असतो. वरच्या मधल्या चौकटीत लग्न. तिथून डावीकडे, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने दुसरं, तिसरं असं मोजत जायचं. ८ म्हणजे वृश्चिक रास, मग ती कुठल्याही घरात असो. तुमच्या फोटोत वरच्या चौकटीत ९ आहे, म्हणजे गुरुजींनीही साडेबारा धरूनच धनू लग्न मांडलं आहे. ९ पासून मोजत आलात की ८ चं घर बारावं येतं. ‘र’ असलेल्या घरात ७ आहे, ती तूळ, लग्नापासून अकरावी. आकड्यालाच घर समजण्याची चूक फार जण करतात आणि त्यातून ‘चंद्र अष्टमात’ अशा अफवा घरभर होतात.

आता अ‍ॅप खरं की गुरुजी. दोघंही आपापल्या पद्धतीने बरोबर आहेत. तुम्ही जे अ‍ॅप उघडलंत ते सायन पद्धतीचं आहे. त्यात राशिचक्र वसंतसंपातापासून (२१ मार्चच्या सुमारास रवी विषुववृत्त ओलांडतो त्या बिंदूपासून) मोजतात. आपली पंचांगं निरयन, म्हणजे नक्षत्रांना धरून मोजणारी. या दोन आरंभबिंदूंमधलं अंतर म्हणजे अयनांश. लाहिरी अयनांशाने २००३ साली तो २४ अंशांना जेमतेम ६ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) कमी होता. वजाबाकी घरी करता येते. अ‍ॅपमध्ये रवी वृश्चिकेच्या साधारण साडेतीन अंशांवर आहे. त्यातून २४ वजा केले की मागच्या राशीत, तुळेच्या साडेनऊ अंशांवर येतो. चंद्र अ‍ॅपमध्ये वृश्चिकेच्या २८ अंशांवर आहे, २४ वजा जाता ४ अंश उरतात, म्हणून तो वृश्चिकेतच राहतो. पत्रिका, दशा, गुणमेलन हे सगळं आपल्याकडे निरयनावर चालतं, तेव्हा गुरुजींची रास धरा. अ‍ॅपमधला रवी आणि पंचांगातला चंद्र एकाच कागदावर मांडू नका. त्याने फलादेश दोन्हीकडून चुकतो. टिळक पंचांगाचा अयनांश लाहिरीपेक्षा सुमारे ४ अंशांनी कमी असतो, त्यामुळे राशीच्या काठावरच्या ग्रहांची रास तिथे बदलू शकते. तुमच्या मुलीच्या बाबतीत तसं होत नाही. त्या हिशेबानेही रवी तुळेत, चंद्र वृश्चिकेत, अनुराधा नक्षत्रातच राहतो.

आणि ‘माझी रास कोणती’ या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर चंद्राच्या राशीने देतात. रवी एका राशीत महिनाभर असतो, चंद्र सव्वादोन दिवस. ‘२३ ऑक्टोबर ते २१ नोव्हेंबर वृश्चिक’ असं जे तारखेवरून छापतात ती सायन रवीची रास. तुमच्या मुलीच्या बाबतीत तारखेवरूनही वृश्चिक आणि चंद्रावरूनही वृश्चिक आलं, हा योगायोग. त्यावरून अ‍ॅप आणि पत्रिका जुळतात असं समजू नका.

नीच म्हणजे काय ते आता बघू. ग्रह ज्या राशीत सगळ्यात बलवान मानतात ती त्याची उच्च रास, जिथे सगळ्यात दुबळा मानतात ती नीच. रवी मेषेत उच्च, १० अंशांवर परमोच्च. त्याच्या बरोबर समोर तुळेत १० अंशांवर परमनीच. चंद्र वृषभेत ३ अंशांवर परमोच्च, वृश्चिकेत ३ अंशांवर परमनीच. मुलीचा रवी साडेनवावर, चंद्र चारावर. दोघंही परमनीच बिंदूंच्या अगदी जवळ आहेत, हे खरं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण ही स्थिती दुर्मीळ किंवा शापित आहे का, ते दिनदर्शिकेवरच तपासता येतं. रवी दरवर्षी साधारण १७ ऑक्टोबर ते १६ नोव्हेंबर तुळेत असतो. चंद्र त्याच महिन्यात वृश्चिकेतून जातोच जातो. म्हणजे दरवर्षी, बहुधा दिवाळीच्या पाडवा-भाऊबीजेच्या आसपास, सलग सुमारे ५४ तास जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे रवी-चंद्र दोन्ही नीच राशीत असतात. ठाण्यातल्या, पुण्यातल्या, जगातल्या. त्या सगळ्यांना आईवडिलांचं सुख नाही आणि सगळ्यांची मनं कमकुवत, असं कोणतंही शास्त्र म्हणत नाही. राशीवरून नीच ठरणं ही फलादेशाची पहिली पायरी आहे, तिथेच थांबायचं नसतं.

पुढच्या पायऱ्या तुमच्याच पत्रिकेवर दाखवते, म्हणजे नंतर कुणी काही सांगितलं तर तुम्हाला विचारता येईल.

आधी तिथी. चंद्राच्या अंशांतून रवीचे अंश वजा करायचे आणि १२ ने भागायचं. मेषेच्या आरंभापासून मोजले तर रवी १८९ अंश ३० कला, चंद्र सुमारे २१४. फरक साडेचोवीसच्या घरात, म्हणजे शुद्ध द्वितीया संपून तृतीया लागण्याची वेळ. रवी तुळेत आणि चंद्र वृश्चिकेत असताना तिथी नेहमी शुद्ध प्रतिपदा ते पंचमी यांमधलीच असते, कारण दोघांत ६० अंशांपेक्षा जास्त अंतर पडूच शकत नाही. म्हणजे चंद्र कोरीचा आहे, पक्षबल (चंद्र किती उजळला आहे त्यावरून येणारं बळ) कमी. चंद्राचं बल बघताना मी राशीइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, वजन या पक्षबलाला देते. नीच राशीतला पौर्णिमेचा चंद्र, जो वैशाखात किंवा ज्येष्ठात येतो, तो या कोरीच्या चंद्रापेक्षा बलवान. तेव्हा चंद्र दुबळा आहे हे मान्य, पण वाढता आहे, घटता नाही, हेही त्याच वहीत लिहायचं.

मग राशीचा स्वामी. ही पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. तुळेचा स्वामी शुक्र. तो या पत्रिकेत तुळेतच, स्वराशीत आहे, रवीपासून १८-१९ अंशांवर म्हणजे अस्तंगतही (रवीच्या फार जवळ जाऊन झाकोळलेला) नाही. मकर लग्न निघालं तर हा शुक्र दशमात, केंद्रात (पहिलं, चौथं, सातवं आणि दहावं ही केंद्रं) येतो. नीच राशीचा स्वामी लग्नापासून किंवा चंद्रापासून केंद्रात असला की नीचभंग, म्हणजे नीचपणाचा दोष कमी झाला असं मानतात. इथे तो होतो. शिवाय स्वराशीचा शुक्र केंद्रात म्हणून मालव्य हा शुभ योग, आणि मकर लग्नाला शुक्र पंचमेश-दशमेश (पाचव्या आणि दहाव्या घराचा स्वामी) म्हणून योगकारक, म्हणजे विशेष शुभ. वृश्चिकेचा स्वामी मंगळ कुंभेत आहे, चंद्रापासून चौथा, म्हणजे केंद्रात. चंद्राचाही नीचभंग, आणि हा लग्न कुठलंही निघालं तरी टिकतो. गुरू सिंहेत, चंद्रापासून दहावा: हा गजकेसरी, तोही शुभ योग. चंद्राच्या मागच्या राशीत बुध-शुक्र आहेत, त्यामुळे केमद्रुम (चंद्राच्या मागेपुढे ग्रह नसण्याचा अशुभ योग) नाही. ‘चंद्र एकटा पडलाय’ असं कुणी म्हणालं तर हे दाखवा.

यावरून मुलगी मोठी अधिकारीण होणार वगैरे मी म्हणणार नाही. कोरीच्या चंद्राचा गजकेसरी पूर्ण ताकदीचा नसतो आणि नीचभंगाने नीच ग्रह उच्च होत नाही. त्याची अडचण सुटायला वाट मिळते, इतकंच. तुळेत शुक्राजवळ केतूही आहे, त्याचा विचार जन्मलग्न नक्की झाल्यावर करायचा. पण पत्रिकेतून फक्त दोन ओळी उचलून एवढा मोठा निकाल देणं हे काम अर्धवट सोडणं झालं.

स्वभावाच्या दृष्टीने या दोघांकडे असं बघा. रवी म्हणजे आत्मबल, स्वाभिमान, वडील, अधिकाराशी असलेलं नातं. चंद्र म्हणजे मन, आई, झोप, सवयी, लगेच उमटणारी प्रतिक्रिया. तुळेचा रवी स्वतःचं म्हणणं मांडण्याआधी समोरच्याचं तोलून बघतो. ‘मला हवंय’ म्हणायला अशा मुलींना वेळ लागतो. ऑफिसात काम तिचं आणि नाव दुसऱ्याचं, असं होत असेल तर तो तुळेचा रवी. वृश्चिकेचा चंद्र वरून शांत दिसतो, आत खोल धरून ठेवतो, बोलून मोकळा होत नाही. त्यात अनुराधा नक्षत्र, देवता मित्र, स्वामी शनी: माणसं जोडते, जोडलेली सोडत नाही आणि दुखावली गेली तर सांगत नाही. तुम्ही ‘एरवी शांत आहे’ लिहिलंत, ते याच्याशी जुळतं. म्हणूनच ‘तुझं मन कमकुवत, तुझ्यामुळे आईवडिलांना त्रास’ हे वाक्य तिच्यासमोर पुन्हा कुणालाही उच्चारू देऊ नका. रवी-चंद्र नीच म्हणून आईवडिलांचं आयुष्य कमी होतं, असा अर्थ काढायला आधार नाही. त्यासाठी चतुर्थ, नवम, त्यांचे स्वामी आणि तुमच्या स्वतःच्या पत्रिका बघाव्या लागतात.

झोपेचं मात्र पत्रिकेवर सोडू नका. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडालेली असेल तर आधी फॅमिली डॉक्टर, गरज वाटली तर समुपदेशक. चंद्र मनाचा कारक आहे म्हणून मोती हे झोपेचं औषध होत नाही.

साडेसातीबद्दल जे सांगितलं गेलं ते सरळ चुकीचं आहे. साडेसाती चंद्रराशीवरून मोजतात: शनी चंद्राच्या मागच्या, त्याच आणि पुढच्या राशीत असतानाची मिळून साडेसात वर्षं. वृश्चिक राशीची साडेसाती नोव्हेंबर २०११ मध्ये शनी तुळेत गेला तेव्हा सुरू झाली आणि जानेवारी २०२० मध्ये तो धनूतून मकरेत गेला तेव्हा संपली. त्यानंतर कुंभेतला शनी चंद्रापासून चौथा होता, त्याला अडीचकी म्हणतात; तीही मार्च २०२५ मध्ये शनी मीनेत गेल्यावर सरली. पुढची साडेसाती यायला अनेक वर्षं आहेत. दशा बघायची तर चंद्र अनुराधेच्या पहिल्या चरणात, म्हणून जन्मतः शनीची महादशा (त्या ग्रहाचा कालखंड), भोग्य म्हणजे जन्मानंतर उरलेली साडेसतरा वर्षांच्या आसपास. ती २०२१ च्या सुमारास संपून बुधाची १७ वर्षांची चालू आहे. जन्मवेळ दहा मिनिटांनी सरकली तर ही तारीख दीड-दोन महिन्यांनी इकडेतिकडे होईल. त्याहून अधिक फरक सांगणाऱ्याने वेगळा अयनांश किंवा वेगळं नक्षत्र धरलंय का, ते विचारा.

शांतीचं. जननशांती ज्या जन्मांना सांगितली आहे त्यांत अमावास्या, कृष्ण चतुर्दशी, मूळ, आश्लेषा, ज्येष्ठा, व्यतिपात, वैधृती यांची नावं येतात. नुसता रवी किंवा चंद्र नीच आहे म्हणून जननशांती सांगितलेली नाही. इथे एक तपासणी करून ठेवा. ज्येष्ठा नक्षत्रही वृश्चिकेतच येतं, १६ अंश ४० कलांच्या पुढे. तुमच्या मुलीचा चंद्र ४ अंशांवर, म्हणजे अनुराधेत. ज्येष्ठेची शांती तिला लागू नाही. अमावास्याही तिच्या जन्माआधी दीड दिवसापेक्षा जास्त वेळ संपलेली. तेव्हा २१ हजार देऊ नका. आगाऊ काही दिलं असेल तर कुठल्या ग्रंथातल्या कुठल्या शांतीसाठी, ते लेखी मागा.

रत्नांचं जास्त काळजीने सांगते, कारण इथे ज्योतिषाच्या नियमानेच सल्ला चुकला आहे. माणिक हे रवीचं रत्न, मोती चंद्राचं. मकर लग्नाला रवी अष्टमेश आणि चंद्र सप्तमेश होतो. रवी-चंद्रांना अष्टमेशत्वाचा दोष लागत नाही असं मानतात, पण दोष नसणं वेगळं आणि अष्टमेशाचं रत्न अंगावर घालून त्याला बळ देणं वेगळं. सप्तम हे मारकस्थान (आयुष्याला घातक मानलेलं घर), त्याच्या स्वामीचं मोतीही सरसकट देत नाहीत. धनू लग्न निघालं तर चंद्र अष्टमेश आणि रवी भाग्येश, म्हणजे नवव्या घराचा स्वामी. मग माणकाचा विचार होऊ शकतो, मोत्याचा नाही. म्हणजे जन्मलग्न नक्की न करता दोन्ही रत्नं एकदम सांगणाऱ्याने लग्न बघितलेलंच नाही. काही करायचंच असेल तर बिनखर्चाचं करा: सकाळी सूर्याला अर्घ्य, जमलं तर सूर्यनमस्कार, सोमवारी शंकराला पाणी. मुलीला मनापासून करावंसं वाटलं तरच, भीतीने नको.

नेरूळच्या लोकांना काय सांगायचं? जन्मवेळेचा कागद मिळाला की त्या वेळेची पत्रिका नव्याने काढा. जन्मस्थळाच्या रकान्यात ठाणे निवडा. काही अ‍ॅप स्थळ न भरल्यास दिल्ली धरतात आणि लग्न चुकतं. अयनांश लाहिरी आहे ना ते बघा. मग त्यांना पत्रिका पाठवून एवढंच लिहा की आधीची वेळ अंदाजे होती, ही नोंदीप्रमाणे आहे. गुणमेलनावर या दुरुस्तीचा परिणाम होणार नाही, कारण ३६ गुण चंद्राच्या नक्षत्रावरून मोजतात आणि दहा मिनिटांत चंद्र सुमारे ६ कला सरकतो. अनुराधा म्हणजे देवगण, मध्य नाडी (गण आणि नाडी हे नक्षत्रावरून ठरणारे गुणमेलनातले गट); मुलाचीही मध्य नाडी असेल तर नाडीचे ८ गुण शून्य होतील आणि मग त्यावर वेगळी चर्चा करावी लागेल. त्यांनी मुलाच्या पत्रिकेची प्रत दिली असेल तर दोन्ही एकत्र मला पाठवा. दिली नसेल तर मागून घ्या. मुलीचीच पत्रिका तपासायची आणि मुलाची दाखवायचीच नाही, असं त्यांचं म्हणणं असेल, तर पुन्हा कळवण्याची घाई करू नका.